गाढवाला गूळ घालू नको बायाक्का

आमच्या लॅबमध्ये आजवर माणसांचंच रक्त यायचं. शुगर, थायरॉइड, लिपिड, पावसाळ्यात डेंग्यू आणि प्लेटलेट, बस. निपाणीसारख्या गावात छोट्या लॅबला अजून काय येणार. पण गेल्या श्रावणात एका संध्याकाळी दाद्या, म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या बायाक्काचा थोरला, गाडीवरून भिजत आला आणि खिशातनं लाल झाकणाची ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. पेशंटचं नाव विचारलं तर म्हणाला, चंद्री. वय? "असंल की आठ-नऊ." मी म्हटलं अरे पोरीला घेऊनच यायचं होतंस की, रक्त आम्हीच काढलं असतं. तर म्हणतोय, "पोरगी न्हवं रे, गाढवीण! आमची चंद्री. दोन दिस झालं खाईना झालीया, ढोराच्या डॉक्टरनं मानंतनं रक्त काढून दिलंय, म्हणाला जा कुठल्या तर लॅबात आणि लिपिड बघून आण."

मी हसलो. नंतर त्या हसण्याची लाज वाटली, ते पुढं येईलच.

बायाक्काच्या घरची गाढवं मी लहानपणापासून बघतोय. वेदगंगेच्या काठच्या वीटभट्ट्यांवर माती आणि विटा वाहायची, त्यांच्याकडं एका वेळी अकरा गाढवं होती. मग ट्रॅक्टर आले, छोटा हत्ती आले, गाढवं कमी होत होत दोनच उरली, चंद्री आणि काशी. हे फक्त आमच्याच गल्लीतलं नाही म्हणा, 2012 च्या पशुगणनेत देशात 3.2 लाख गाढवं होती आणि 2019 ला राहिली 1.2 लाख, सात वर्षांत 61 टक्के गायब. तर ही दोन, कामाला असायची फक्त भट्टीच्या सीझनला. जूनमध्ये पाऊस लागला की भट्ट्या बंद, आणि मग चार महिने नुसतं बसून खाणं. हिरवं गवत आहेच, वर शेजारपाजारचं उष्टं, शिळ्या चपात्या, उसाचं वाडं, आणि बायाक्काचा हात सैल म्हणजे इतका सैल की बेंदराला बैलांना पोळी घालतात तशी ही गाढवांना पण घालायची, आणि रोज सकाळी चहाबरोबर एक गुळाचा खडा स्वतःला, एक चंद्रीला. गाढवाला गुळाची चव काय असं म्हणणाऱ्यानं चंद्री बघितलेली नसणार. गुळाच्या डब्याचं झाकण वाजलं की ती गोठ्यातनं ओरडायची.

तर ती ट्यूब. रक्त गोठून बसलेलंच होतं, सेंट्रिफ्यूजला लावली, दहा मिनिटांनी झाकण उघडलं. तुम्ही कधी बघितलं नसेल तर सांगतो, फिरवून झालं की लाल पेशी आणि गाठ खाली बसते आणि वर सीरम राहतं, चांगलं सीरम फिकट पिवळं आणि आरपार, ट्यूबच्या मागं पेपर धरला तर अक्षरं वाचता येतात. चंद्रीचं सीरम पांढरं होतं. म्हणजे अगदी ताक. खाली लालभडक गाठ आणि वर ताकाचा थर. माणसांमध्ये असं वर्षातनं एखाद-दुसरं बघायला मिळतं, लई शुगर वाढलेला किंवा दारूवाला. मशीनला लावलं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, रेंजच्या बाहेर, डायल्यूट करून परत लावलं, 1120 आलं. माणसात 150 च्या आत पाहिजे.

डॉक्टरांना फोन लावला. धारवाडकडचे आहेत, मराठी कळतं पण बोलताना कानडीत घसरतात. आकडा सांगितल्यावर पलीकडं दोन सेकंद शांतता आणि मग, "अय्यो. हैपरलिपीमिया री." म्हणजे रक्तात चरबी बेसुमार वाढलीय. आणि लगेच पुढचा प्रश्न, ती जाड आहे का बघ म्हणाले. मी म्हटलं अहो डॉक्टर दोन दिवस खाल्लं नाही तिनं, जाड कसली. म्हणाले जाड असल्याशिवाय हे सहसा होत नाही, जाड आणि वर उपाशी. त्या वाक्यानं मी अडकलो, कारण आपल्या डोक्यात काय असतं की चरबी म्हणजे शिल्लक, उपास पडला तर तेवढंच कामाला येईल. गाढवात नेमकी ती शिल्लकच अंगावर येते.

गाढव मूळचं ईशान्य आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं. तिथल्या रानटी गाढवांना माणसानं साधारण 7000 वर्षांपूर्वी माणसाळवलं असं 2022 मध्ये आलेल्या जनुकांच्या अभ्यासातनं दिसलं. तिकडं चारा म्हणजे वाळलेली काटक्यासारखी झुडपं, दिवसभर मैलोनमैल चालायचं आणि मिळेल ते चावत राहायचं. त्यामुळं त्याचं शरीर असं बनलंय की खराब चाऱ्यातनं पण पुरेपूर काढून घ्यायचं, अन्न मोठ्या आतड्यात सावकाश आंबवायचं, युरिया सुद्धा टाकून न देता परत आतड्यात नेऊन वापरायचं, आणि जरा कुठं जास्त मिळालं की लगेच चरबी करून ठेवायची. त्याच मापाच्या घोड्याला लागते त्याच्या निम्म्या ते पाऊण एनर्जीत गाढवाचं भागतं. आमच्या आज्जीसारखं, अर्ध्या भाकरीवर दिवसभर शेतात राबायची आणि तरी अंगानं भरलेली.

आता असं जनावर आणून बांधलंय कुठं, तर चिकोडी-निपाणी पट्ट्यात. चहूबाजूला ऊस, कारखाने, गुऱ्हाळं. त्याला साखरेच्या डब्यातच ठेवल्यासारखं झालं की.

आणि खाणं अचानक बंद झालं की काय होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि थोडं मी नंतर वाचलं. रक्तातली साखर आणि इन्सुलिन खाली येतं, तिकडं ताणामुळं कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन वर जातं, आणि अंगातल्या चरबीच्या कोठाराची दारं उघडतात. एवढं सगळ्या प्राण्यांत होतं, आपण एकादशी करतो तेव्हा पण होतं. फरक असा की आपल्यात इन्सुलिन हा ब्रेक आहे, चरबी सुटणं तो आवरतो, आणि गाढवात हा ब्रेक जन्मतःच जरा ढिला. त्यात जाड गाढवात अजून ढिला. मग चरबी सुटतच राहते, सगळी यकृतावर येऊन आदळते, यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून परत रक्तात ढकलतं, रक्त दुधाळ होतं, यकृतात चरबी साचते, किडनी बसायला लागते, त्यानं जनावराला अजून खावंसं वाटत नाही, आणि न खाल्ल्यामुळं अजून चरबी सुटते. एकदा हे चाक फिरायला लागलं की निम्म्याहून जास्त जनावरं जातात. गाढविणीत जास्त, त्यातही गाभण किंवा दूध पाजणारीत, म्हाताऱ्यांत, दात खराब असलेल्यांत, लांब प्रवास करून आलेल्यांत.

चंद्री गाभण नव्हती, दात चांगले होते. मग सुरू कशानं झालं?

हे कळलं त्या रात्री, रिपोर्ट द्यायला मी स्वतःच गेलो तेव्हा. गोठ्यात पिवळा बल्ब, बाहेर पावसाची झड, चंद्री कोपऱ्यात उभी, कान बाजूला पडलेले. पुढ्यात कडबा टाकलेला आणि तोंड कडब्यातच. मी म्हटलं अगं बायाक्का ही खातीया की. बायाक्का म्हणाली नीट बघ. बघत उभा राहिलो. ओठ हलत होते, काडी तोंडात जात होती, कुरतडल्यासारखं करायची आणि तीच काडी तशीच खाली पडायची. पाच मिनिटं झाली, ढीग तेवढाच. डॉक्टर नंतर म्हणाले, हे गाढवांचं ठरलेलं आहे, खाल्ल्याचं नाटक. अशक्त दिसलं की शिकारी जनावर आपल्यालाच धरणार, म्हणून दुखणं दाखवायचंच नाही. घोडा पोटात दुखलं तर लोळतो, पाय आपटतो, गाव गोळा करतो. गाढव नुसतं गप्प होतं, आणि गाढव गप्पच असतं म्हणून कुणाला त्यात काही वाटत नाही.

दुसरी दावण रिकामी होती. "काशी कुठाय?" म्हटलं. दाद्या खाली बघायला लागला. चार दिवसांपूर्वी विकली होती, घराचा पत्रा बदलायचा होता. गाढवं जोडी धरून राहतात, वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी असतात, आणि त्यातलं एक गेलं की दुसरं खाणं सोडतं, आणि जाड असेल तर खाणं सोडणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं सुरू. एखादं मेलं तर त्याचं मढं लगेच ओढून नेऊ नये, जोडीदाराला काही वेळ तिथं थांबू द्यावं, ते स्वतःहून बाजूला होईपर्यंत, असं जाणकार सांगतात. काशी तर मेलीच नव्हती, नुसती दिसेनाशी झाली. बायाक्काला हे आधीच कळलं असणार कारण ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "सांगत हुते, सांगत हुते."

मग पुढचे पाच दिवस. डॉक्टर रोज यायचे, येताना दारातनंच "कत्तीगे एनाग्येद री?", म्हणजे गाढवाला काय झालंय हो, म्हणून ओरडायचे. ग्लुकोजची सलाईन, नाकातनं नळी घालून पातळ पेज, वेदना कमी करायचं इंजेक्शन. तिला कोरड्यात आणलं, कारण गाढवाची लव घोड्यासारखी पाणी झटकणारी नसते, भिजली की कातडीपर्यंत भिजते आणि थंडीचा ताण वेगळाच. काशी ज्यांनी नेली त्यांच्याकडं दाद्या दोनदा जाऊन आला, परत द्यायला तयार झाले नाहीत, मग संकेश्वरच्या पाहुण्यांचं एक म्हातारं गाढव छोटा हत्तीतनं आणलं. पहिल्या दिवशी चंद्रीनं त्याच्याकडं पाठच फिरवली. बायाक्का मूठभर शेंगांचा वाळका वेल घेऊन तिच्या तोंडाशी बसून राहायची. चौथ्या दिवशी सकाळी काडी खाली पडली नाही, आत गेली. सलाईननं झालं, पेजेनं झालं, म्हाताऱ्यामुळं झालं की बायाक्कामुळं, कुणालाच सांगता यायचं नाही. सातव्या दिवशीचं सीरम पिवळं होतं, किंचित गढूळ. ट्रायग्लिसराइड 231.

आणि इथं माझी खरी गंमत झाली. 231 बघून मी रिपोर्टवर नेहमीप्रमाणं समोर 'हाय' मारला आणि डॉक्टरांना म्हटलं अजून वाढलेलंच आहे. ते म्हणाले नाही, हे नॉर्मल. निरोगी गाढवाचं ट्रायग्लिसराइड अडीचशेच्या आसपासपर्यंत चालतं, घोड्याचं त्याच्या किती तरी खाली. म्हणजे माणसाच्या मापानं चंद्री आजारी, घोड्याच्या मापानं आजारी, आणि गाढवाच्या मापानं ठणठणीत. गंमत म्हणजे हे मला कळायला पाहिजे होतं, आमचा अख्खा धंदाच रेफरन्स रेंजवर चालतो, लहान पोराची रेंज वेगळी, गरोदर बाईची वेगळी. पण गाढव म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात छोटा, स्वस्तातला घोडा.

त्यानंतर मला नादच लागला. ड्यूटी संपल्यावर वाचत बसायचो, बायको म्हणायची गाढवाचा अभ्यास तेवढा राहिला होता. पण हार्मोनमध्ये तर हा फरक अजून मोठा. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या लोकांनी निरोगी गाढवांचे थायरॉइड हार्मोन मोजले तर ते घोड्यांपेक्षा जास्त निघाले, आणि लहान वयाच्या गाढवांत अजून जास्त. घोड्याची रेंज लावली तर चांगल्या गाढवाला थायरॉइड वाढलाय म्हणून बसाल. इन्सुलिनचं उलटं, गाढवाचं एरवीचं इन्सुलिन घोड्यापेक्षा कमी असतं, म्हणजे घोड्याचा कटऑफ लावला तर वाढलेलं असून पण रिपोर्ट नॉर्मल येणार, आणि मग एक दिवस खुराच्या आत सूज येऊन जनावर लंगडायला लागलं की सगळे म्हणणार दगड लागला असेल. एसीटीएच म्हणून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतलं हार्मोन आहे, ते दिवस लहान व्हायला लागले की निरोगी जनावरात पण वर चढतं, थंडीच्या तयारीला, आणि म्हाताऱ्या गाढवाला कुशिंग, म्हणजे त्याच ग्रंथीचा म्हातारपणातला आजार, आहे का हे त्यावरनंच बघतात, त्यामुळं कुठल्या महिन्यात रक्त काढलं हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि लेप्टिन. हे चरबीच्या पेशीच बनवतात आणि मेंदूला सांगतात बास आता, पोट भरलं. जाड गाढवात हे जास्त सापडतं, विशेषतः मानेवर चरबी असलेल्यात. म्हणजे निरोप जातोय, मेंदू ऐकत नाही. (माझं स्वतःचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.1 आहे, त्यामुळं यावर मी जास्त बोलत नाही.)

काहीजण म्हणतील मग तुमच्या लॅबात गाढवाचं इन्सुलिन करून द्या की. नाही. ट्रायग्लिसराइड हे साधं रसायन आहे, माणसात तेच, गाढवात तेच, एन्झाइमवाली टेस्ट दोघांना चालते. इन्सुलिन आणि एसीटीएच हे प्रोटीन-पेप्टाइडवाले हार्मोन, किटमधली अँटिबॉडी माणसाच्या हार्मोनला धरायला बनवलेली असते, गाढवाच्या हार्मोनला ती किती धरेल हे तपासून बघितल्याशिवाय येणारा आकडा म्हणजे मटक्याचा आकडा.

तसं बघायला गेलं तर रक्ताच्या आधी हात आहे. डॉक्टरांनी चंद्री बरी झाल्यावर मला आणि दाद्याला गोठ्यात उभं करून शिकवलं. गाढवाची अवस्था 1 ते 5 मध्ये मोजतात, 1 म्हणजे हाडाचा सापळा, 5 म्हणजे लठ्ठ, 3 पाहिजे. इंग्लंडमधली 1969 पासूनची द डाँकी सँक्च्युअरी म्हणून संस्था आहे, त्यांचा हा तक्ता सगळीकडं चालतो. डोळ्यांनी बघायचंच नाही, कारण लव फसवते आणि पोट तर सगळ्यात जास्त फसवतं, नुसता कडबा खाणाऱ्या मरतुकड्या गाढवाचं पण पोट मोठं दिसतं. हात फिरवायचा, मान, खांदा, बरगड्या, पाठ, पुठ्ठा. बरगडीची सोपी खूण सांगितली, मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट गाठींवरनं फिरवा, बरगड्या तशा टोचल्या तर जनावर खराब आहे. बोटं सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवर फिरवा, तसं लागलं तर बरोबर. आणि तळहातावर फिरवल्यासारखं मऊ लागलं तर जाड.

चंद्रीच्या बरगड्या मला सापडल्याच नाहीत. दाबून दाबून बघितलं, जणू गादी. मानेवर आयाळीखाली वळ होती, मनगटाएवढी जाड, आणि एका बाजूला कलायला लागलेली. बायाक्का इतकी वर्षं ती वळ पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची, बघा आमची कशी बाळसेदार. पुठ्ठ्यावर दोन गोळे, हाताला टणक. ते म्हणे जुन्या चरबीचे, कधी कधी आत चुना धरल्यासारखे घट्ट होतात आणि वजन उतरलं तरी ते गोळे तसेच राहतात. त्यामुळं नुसतं बघून उतरलं का नाही कळत नाही, टेप लावायचा. शिंप्याचा टेप कोपराच्या मागनं छातीभोवती. 114 सेंटिमीटर भरली. उंची बघून तक्त्यावरनं वजन दीडशे किलोच्या जवळ निघालं, पाहिजे होतं सव्वाशे-तीसच्या आसपास.

इथं दाद्या म्हणाला मग उद्यापासनं निम्मं खाणं करतो. डॉक्टर एवढे चिडले की पूर्ण कानडीत गेले. कारण जाड गाढवाचं खाणं एकदम तोडलं की त्याच्या शरीराला तो दुष्काळच, परत रक्तात ताक. उतरवायचं ते महिन्यामहिन्यानं, आणि भूक मारून नाही तर चारा बदलून. दिवसभर चावायला पाहिजेच, पण ते चावणं बिनसाखरेचं पाहिजे. काम नसलेल्या गाढवाला वजनाच्या 1.3 ते 1.7 टक्के सुका चारा पुरतो, म्हणजे 130 किलोच्या गाढवाला पावणेदोन ते सव्वादोन किलो. इंग्लंडकडं बार्लीचं काड देतात, आमच्याकडं ज्वारीचा कडबा आणि गव्हाचं काड. हिरव्यावर सोडायचं ते थोडा वेळ. वाडं बंद, चपाती बंद, कोंडा-पेंड बंद, मीठ आणि पाणी कायम. आणि चालवायचं, रोज, भट्टी बंद असली तरी.

संकेश्वरचं म्हातारं गाढव परत गेलं नाही. पाहुणे म्हणाले राहू दे, तसंही आमच्याकडं बसूनच होतं. आता चंद्री त्याला सोडून पाणी प्यायला सुद्धा जात नाही.

महिन्यातनं एकदा मी लॅबमधनं येताना टेप घेऊन जातो. ऑक्टोबरात 113, दिवाळीनंतर 112, संक्रांतीला 110. दोन महिने झाले, 110 वर अडकलीय. भट्टी चालू आहे, काम चालू आहे, कडबा मोजून आहे, दाद्या शपथा घेतोय. परवा टेप लावत होतो तेव्हा आत स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं आणि चंद्रीनं असा हिसका दिला की टेप माझ्या हातातच राहिला. बायाक्का चहाचा कप घेऊन दारात. दुसरा हात पदराखाली.

"काय हाय हातात?"

"काय न्हाई. तंबाखू."